कावळ्याचा पाय

आषाढीची दुपार होती. भगर, दाण्याची आमटी, वर साबुदाण्याची खिचडी असं उपासाच्या नावाखाली दुप्पट खाऊन सगळं घर सुस्तावलं होतं. बाहेर पुण्याचा खास पाऊस, धड पडत नाही आणि धड थांबतही नाही असला. आजीला विरंगुळा म्हणून मी टॅबवर 'संत तुकाराम' लावून दिला, टॅब तिच्या पांघरुणावर टेकवून ठेवला आणि शेजारी फोन चाळत बसले. पिक्चर तिचा शंभरदा बघून झालेला. विष्णुपंत पागनीस गायला लागले की तिचेही ओठ हलतात, हे मला पाठ आहे. त्यामुळे ती मध्येच "थांबव, थांबव" म्हणाली तेव्हा मला वाटलं, बाथरूमला जायचं असेल. "मागे घे जरा." घेतलं. "अजून. हां, आता थांब." तुकाराम अर्धवट उघडलेल्या तोंडाने गोठले. आजीने चष्मा कपाळावर सरकवला, नाक जवळजवळ काचेला लावलं आणि तुकारामांच्या खांद्यामागच्या भिंतीवर बोट ठेवलं. बोट ठेवल्यावर व्हिडिओ अर्थातच पुढे पळाला. पुन्हा मागे, पुन्हा थांब. "हा बघ," ती म्हणाली, "हा दगड बाबांचा."

मी हसले. "आजी, दगड तो दगड. त्यात बाबांचा काय नि कुणाचा काय!" तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मा खाली आणला, नीट बसवला. "लाव पुढे," म्हणाली.

ते हसणं मला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

आजीचे बाबा, म्हणजे माझे पणजोबा, प्रभात फिल्म कंपनीत पेंटर होते. पेंटर म्हटलं की लोकांना बाबूराव पेंटर आठवतात, नाहीतर मोठमोठी पोस्टरं रंगवणारे. आमचे पणजोबा यातले कुणीच नव्हेत. ते भिंती रंगवायचे. आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत असत, राजवाडा, अरण्य, रस्ता असे गुंडाळीचे पडदे. बोलपट आला आणि कंपन्या एकेक करून बसल्या तशी पडद्यांची कामं गेली, म्हणून ते सिनेमाकडे वळले. शनिवार पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या. सकाळी लकडी पुलावरून डेक्कनला आणि तिथून पुढे एरंडवण्यापर्यंत चालत. आता त्या रस्त्यावर कॉफी प्यायला दुकानं आणि गाडी लावायला जागा नाही. तेव्हा लॉ कॉलेज, टेकडी, मळे आणि मधोमध स्टुडिओ, एवढंच होतं म्हणे. कोल्हापूरहून १९३३ मध्ये प्रभात इथे आली, ती ह्या मोकळ्या जागेसाठीच असं आजीचं मत. "भिंती बांधायच्या तर जागा नको का?" तिच्या हिशेबात सिनेमा म्हणजे भिंती.

आणि तिचं चुकतंय असं तरी कसं म्हणू? ज्या घरात ती वाढली तिथे रात्री जेवताना गोष्टीला गोष्ट म्हणून कुणी विचारतच नसे. "आज काय केलंत?" असं पणजीने विचारावं आणि पणजोबांनी आमटी भुरकत सांगावं, "आज एक ओसरी आणि दोन कोनाडे." किंवा, "आज देऊळ मोडलं." त्या ओसरीवर कोण रडणार आहे, त्या देवळात कुणाला साक्षात्कार होणार आहे, हे त्यांना बहुतेक वेळा ठाऊकही नसायचं. असलं तरी ते सांगण्यासारखं वाटत नसावं. घरातली मुलं सिनेमा बघायला जायची ती अप्पा बळवंत चौकातल्या प्रभात टॉकीजला. आता ते किबे लक्ष्मी झालं, पण रिक्षावाल्याला अजून 'प्रभात'च सांगावं लागतं. प्रभातच्या चिन्हातली तुतारीवाली बाई पडद्यावर आली की थेटर चिडीचूप व्हायचं आणि ही पोरं मात्र एकमेकांना कोपरं मारत भिंती शोधायला लागायची. 'अमृतमंथन'मधला चंद्रमोहनचा तो पडदाभर डोळा, ज्यावर लोक अजून लिहितात, तो आजीला मुळीच आवडत नाही. "नुसता डोळा? मग मागची भिंत कुठंय?"

दगड कसा करायचा, हे मला आजीनेच लहानपणी शिकवलं, दिवाळीच्या किल्ल्याच्या निमित्ताने. लाकडी चौकटीवर गोणपाट ताणून ठोकायचं. त्यावर सरस घातलेला खडूचा लगदा. सरस म्हणजे आताचा फेविकॉल नव्हे. जनावरांच्या हाडाकातड्याचा, पाण्यात भिजवून मंद आचेवर वितळवायचा. त्याचा वास इतका ओंगळ की पणजी त्यांचे कपडे वेगळे धुवायची. लगदा अर्धवट वाळला की त्यात बोटाने, चमच्याच्या दांड्याने सांधे काढायचे. पूर्ण वाळला की आधी मधला राखाडी रंग सगळीकडे, मग सांध्यात काळपट, मग दगडाच्या वरच्या कडेला फिकट, कारण उजेड वरून येतो. मग कुंचा रंगात बुडवून मुठीवर आपटायचा, म्हणजे बारीक शिंतोडे उडतात आणि गुळगुळीतपणा मरतो. "नवा दगड कुणालाही काढता येतो," आजी म्हणायची, "जुना करायला अक्कल लागते." जुना करायचा म्हणजे शेवाळं कुठे धरेल, पाणी कुठून ओघळेल, येणारे-जाणारे कुठे हात टेकतील, बैल कुठे अंग घासेल, याचा विचार करायचा. ज्या खांबाशी रोज कुणी टेकून बसतं तिथे तेलकट डाग पडतो. तो डाग आधी काढायचा, मग नट येऊन तिथे टेकतो.

आणि सगळ्यात शेवटी भेग. आजीच्या बोलण्यात भेग आली की तिचा आवाज बदलतो, बारीक होतो. भेग कोपऱ्यातून निघते, निघताना जाड असते, जाता जाता बारीक होते. सांध्याशी आली की थबकते, वळते. पाण्यासारखी चालते ती, वाट शोधत. सरळ गेलेली भेग खोटी. पणजोबांची भेग मात्र शेवटाला तीन फाट्यांत मोडायची, दोन आखूड आणि मधला लांब. कावळा चिखलातून चालत गेला की उमटतो तसा पाय. तो त्यांचा हात. सही म्हणा हवं तर, पण सही म्हटलं तर ते रागावले असते, कारण सही दिसावी म्हणून करतात आणि यांची सगळी धडपड काही दिसू नये म्हणून. त्या दुपारी आजीने बोट ठेवलं ते ह्या कावळ्याच्या पायावर.

एक गंमत मला फार उशिरा कळली. ह्या राखाडी भिंती नेहमी राखाडी नसायच्या. कृष्णधवल फिल्मला रंग कळत नाही, फक्त उजळ आणि काळोखं कळतं. डोळ्याला गेरू आणि पोपटी ह्यात जमीन-अस्मानाचं अंतर, पण फिल्मवर दोन्ही एकाच राखाडीत जाऊन बसू शकतात. म्हणून रंगवणाऱ्याला डोळ्यावर विश्वास ठेवून चालत नसे. पणजोबांच्या खिशात एक गडद रंगाची काच असायची. भिंतीपासून दहा पावलं मागे जायचं, एक डोळा मिटायचा आणि काचेतून बघायचं, की रंग जातात आणि नुसती छाया उरते. सावलीला कधी निळा, कधी जांभळट, पिवळ्या दगडाला मातकट, असं जे हाताशी असेल ते. म्हणजे ज्या भिंतीला आपण आयुष्यभर करडी म्हणून बघत आलो, ती समोर उभं राहिलं असतं तर कदाचित जत्रेतल्या पाळण्यासारखी दिसली असती. आजी ती काच घेऊन वाड्यातल्या लोकांकडे बघायची. सगळे सिनेमातले दिसायचे म्हणे, अगदी नळावर भांडणाऱ्यासुद्धा.

ती स्वतः स्टुडिओत गेली ती डबा घेऊन. 'रामशास्त्री'चं काम चालू होतं, म्हणजे १९४३-४४ असणार. पिक्चर १९४४ चा. आठ-नऊ वर्षांची होती. पणजोबांना रात्रपाळी लागली होती आणि काकाबरोबर ही डबा पोचवायला. शनिवार पेठेतली मुलगी. शनिवारवाड्याच्या भिंतीशी खेळलेली. तिला शनिवारवाडा म्हणजे तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि आत नुसते चौथरे एवढंच ठाऊक, कारण वाडा आतून जळाला तो १८२८ मध्ये. आणि इथे एरंडवण्यात, एका मोठ्या थोरल्या शेडमध्ये, पेशव्यांची दालनं उभी. खांब, महिरपी, कोरीव छत. "मला वाटलं, हाच खरा आणि आपल्या घराजवळचा मोडका तो खोटा." मग काका चहा प्यायला गेला आणि ही वाट काढत भिंतीच्या मागे गेली. मागे सगळ्या फळ्या, खिळे, टेकू, खडूने लिहिलेले आकडे, आणि वाळूच्या पोत्यांनी दाबून धरलेले पाय. पेशवाई मागून अशी. तिथल्या उकाड्याचं ती अजून बोलते. दिव्यांची धग आणि दारं बंद, कारण आवाज आत येता कामा नये. पंखा लावायचा नाही, कारण पंखाही बोलतो. पेशव्यांच्या दरबारातला कुणीतरी जामानिम्यासकट मागच्या बाजूला बाकड्यावर बसून बशीतून चहा फुर्रकन ओढत होता, आणि तिचे बाबा जमिनीवर पालथे पडून भिंतीची अगदी खालची ओळ रंगवत होते. कॅमेरा खाली लागणार होता. "पोटावर झोपून, गाल जमिनीला लावून. तेवढा एक वीतभर दगड." त्यांनी मान वर करून पाहिलं, "डबा तिकडे ठेव, भिंतीला हात लावू नको, ओली आहे," एवढंच म्हणाले. तिने हात लावला. बोटाला लागलेला रंग तिने घरी येईपर्यंत पुसला नाही.

प्रभातबद्दल लिहिलं गेलंय भरपूर, आणि बहुतेक वेळा ते शांतारामबापूंपासून सुरू होतं. त्यात खोटं काही नाही. पण आमच्या घरातली प्रभात फत्तेलाल यांच्यापासून सुरू व्हायची, कारण कलाखातं त्यांचं. घरात त्यांना साहेबमामाच म्हणत. साहेबमामांच्या नजरेखालून गेल्याशिवाय भिंत पास होत नसे, असं आजी सांगते, आणि सांगताना पाठ ताठ करते. दामल्यांचं ध्वनिमुद्रण, फत्तेलालांचे सेट. 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला तो ह्या दोघांनी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एक आवाजाचा माणूस आणि एक भिंतींचा माणूस, दोघांनी मिळून देहू उभं केलं. म्हणून त्या सिनेमात जिजाईची म्हैस, तिचा संताप, चूल, उंबरा हे सगळं तुकारामांच्या अभंगाइतकंच जड आहे. वैकुंठाचं विमान येतं ते ह्या शेणामातीच्या घरावरून. विमान कुणालाही दाखवता येईल. घर दाखवणं अवघड.

दामल्यांच्या आवाजाचा आणि पणजोबांच्या भिंतीचा एक जुना झगडाही होता. कापडी भिंतीत दार बसवलं आणि नटाने रागाने आपटलं की अख्खी भिंत शहारते. डोळ्याला दिसतं आणि कानालाही येतं, ढोलाच्या कातड्यासारखं. म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना जाड चौकट, मागे तिरके टेकू आणि शेवटी दोन माणसं भिंतीला पाठ लावून उभी. 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीत नाही, फक्त घरातले आवाज आहेत, हे सिनेमाचे अभ्यासक कौतुकाने सांगतात. मला ते ऐकताना भिंतीमागे श्वास रोखून उभे असलेले दोघे दिसतात. त्यात पुन्हा पुष्कळसे चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोन्हीत होत. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी', 'शेजारी' आणि 'पडोसी'. म्हणजे तेच दार मराठीत आपटायचं आणि मग हिंदीत.

देव आनंद आणि गुरुदत्त यांच्या शर्टांची अदलाबदल धोब्याकडून इथेच झाली आणि त्यातून दोस्ती जमली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी इतक्यांदा ऐकली आहे की मी ती आजीला सांगायला गेले तेव्हा मलाच कंटाळा आला होता. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "शर्ट कुणाचे ते सगळ्यांना ठाऊक आहे. धोब्याचं नाव काय होतं?"

हसण्याचं ओझं होतं म्हणून असेल, श्रावणात एक दिवस ओळखीच्या एका विद्यार्थ्याला धरून मी लॉ कॉलेज रोडवरच्या त्या फाटकातून आत गेले. कितीदा बाहेरून गेलेय, पण आत पहिल्यांदाच. १९६० पासून तिथे चित्रपट शिकवणारी संस्था आहे. शिकणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या त्या आंब्याखाली बसून वाद घालत मोठ्या झाल्या. प्रभातच्या वेळचं तळंही आहे. शूटिंगसाठी केलेलं, आता हिरवंगार पाणी आणि काठावर सिगरेटची थोटकं. मला मात्र शेड बघायची होती. दार ढकलून आत गेलो आणि मी मान वर करून बघतच राहिले. उंची. आजीने मला उकाडा सांगितला होता, खिळे सांगितले होते, उंची कधी सांगितली नव्हती. कदाचित आठ वर्षांच्या मुलीला सगळंच उंच वाटतं, त्यामुळे वेगळं सांगावंसं वाटलं नसेल. वर लाकडी मचाणं, दोरखंड, काळोख. त्या काळोखात कुठेतरी पारवे घुमत होते. मी उगाचच जमिनीकडे बघत चालले. वीतभर दगड रंगवायला माणूस कुठे पालथा पडला असेल, असं काहीतरी डोक्यात.

एका कोपऱ्यात दोन मुलं एक चाळीतली खोली उभी करत होती. प्लायवूड, इमल्शन, आणि हातात स्पंज. एक मुलगी भिंतीला ओल आणत होती. अगदी मन लावून, जीभ दातात धरून. मी विचारलं, "भेग कशी काढता?" ती म्हणाली, "रेफरन्स फोटो असतो ना, त्यावरून." तिने फोन दाखवला, खऱ्याखुऱ्या चाळीतल्या भिंतीचा फोटो. छान काढत होती. मी तिला गोणपाट, सरस, कावळा वगैरे सांगायला सुरुवात केली आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो सभ्य थांबलेपणा पाहून आवरतं घेतलं. तिचा शॉट चारला होता. तिला भिंत वाळवायची होती आणि बाहेर पाऊस. वास मात्र वेगळाच होता, नव्या फ्लॅटसारखा.

कंपनी १९५३ मध्ये बंद झाली. त्याबद्दल घरात फार बोललं गेलं नाही. दामले १९४५ मध्येच गेले होते, शांतारामबापू त्याआधी १९४२ मध्ये मुंबईला राजकमलला. पणजोबांनी मग लक्ष्मी रोडवरच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि भाद्रपद आला की गणपती मंडळांचे देखावे. पुण्याच्या पेठांमधून कित्येक वर्षं जी कैलास लेणी, जे रायगड, जी अफझलखानाची छावणी उभी राहिली, त्यातल्या काहींचे दगड प्रभातचे होते, हे बघणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार. आजी लग्न होऊन पर्वती पायथ्याला आली होती. दरवर्षी माहेरच्या पेठांतले देखावे बघायला यायची आणि गणपतीकडे पाठ करून मखराच्या भिंती बघायची, अशी आजोबांची तक्रार.

मग पानशेत. १२ जुलै १९६१ चं पाणी शनिवार पेठेत शिरलं तेव्हा पणजोबांची ट्रंक, कुंचे, काच, कागद, सगळं गेलं. भांडी नंतर चिखलातून निघाली; ट्रंक नाहीच. 'शेजारी'त शेवटी धरण फुटतं. त्याच्या सेटवर पणजोबा होते. वीस वर्षांनी खरं धरण फुटलं तेव्हा ते काय म्हणाले, हे मी आजीला एकदा विचारलं होतं, काहीतरी खोल उत्तर मिळेल ह्या आशेने. "म्हणाले, सिनेमातलं पाणी स्वच्छ होतं." आणि जानेवारी २००३ मध्ये संस्थेच्या आवारातल्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की स्वतःच स्वतःला प्राणवायू पुरवते, पाण्याखालीसुद्धा जळत राहते. प्रभातच्या कितीतरी मूळ प्रती त्यात गेल्या. आपण बघतो त्या उतरवून घेतलेल्या. पाण्याने कागद नेले, आगीने मूळ रिळं नेली. म्हणून टॅबच्या काचेवर, धुरकट झालेल्या प्रतीवर नाक टेकवून आजी जे शोधते, त्याला पुरावा असा कुठेच नाही.

असं मला वाटत होतं.

दसऱ्याच्या सफाईत आजीच्या खोलीतल्या विठ्ठल-रुखमाईच्या तसबिरीची काच तडकली. लग्नात तिला माहेरून मिळालेली तसबीर. सासरी आली म्हणून पुरातून वाचलेली. मी ती नारायण पेठेतल्या फ्रेमवाल्याकडे नेली. त्याने मागचे खिळे उपसले, कुजका पुठ्ठा काढला आणि म्हणाला, "ताई, आत कागद आहे, ठेवू का टाकू?" घड्या पडलेला, पिवळा, टाइप केलेला दाखला. कंपनी बंद होताना मिळालेला. पणजोबांचं नाव, रंगकाम खातं, काम समाधानकारक, वर्तणूक चांगली. नोकरीत जून १९३८ पासून.

मी दुकानातच उभ्या उभ्या हिशेब केला, जणू काही तो अवघड होता. 'संत तुकाराम' १९३६ चा. पुढच्या वर्षी व्हेनिसला जगातल्या निवडक चित्रपटांत त्याचा गौरव झाला. "बाबांचा दगड व्हेनिसला जाऊन आला," हे आजीचं आयुष्यभराचं वाक्य. लग्नकार्यात, हळदीकुंकवात, दवाखान्यात शेजारच्या पेशंटला. १९३८ मध्ये ती तीन वर्षांची. त्याआधी बाबा कुठे जात होते, हे तिला कोण सांगणार? तिच्या आठवणीत ते कायम प्रभातचेच. म्हणजे त्या भिंतीवरचा कावळ्याचा पाय दुसऱ्याच कुणाचा. किंवा तो कावळ्याचा पायच नव्हे, निगेटिव्ह घासल्याची रेघ. किंवा पणजोबा आधी रोजंदारीवर जात असतील आणि कागदावर नंतर आले असतील. रोजंदारीवरच्यांना कोण लिहून ठेवतं? ह्या तिसऱ्या शक्यतेला मी फ्रेमवाल्याच्या दुकानापासून घरापर्यंत घट्ट धरून आले.

फ्रेमवाल्याला मी कागद परत आतच ठेवायला सांगितला. विठ्ठलाच्या पाठीशी, होता तिथे.

पण तेवढ्याने माझं समाधान होईना. आजीला एक तरी खात्रीचा दगड मिळवून द्यायचा, असं मी ठरवलं. त्या दुपारच्या हसण्याची भरपाई म्हणा. १९४४ चा 'रामशास्त्री' त्यांचाच, दाखला आहे, डोळ्यांनी बघितलेली साक्षीदार आहे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी तो शोधून काढला, आधी एकटीनेच बघितला, म्हणजे भिंती बघितल्या. दोनदा. आणि दालनाच्या एका कोपऱ्यात, खांबाच्या मागे, अगदी खालच्या ओळीत मला ती सापडली. कोपऱ्यातून निघालेली, सांध्याशी थबकलेली, खाली तीन फाट्यांत मोडलेली. माझ्या हाताला चक्क घाम आला.

संध्याकाळी आजीला उशांना टेकवून बसवलं, पिक्चर लावला, आणि ती जागा आली तशी थांबवला. "आजी, बघ काय आहे इथे." तिने चष्मा कपाळावर सरकवला. नाक काचेला. मी टॅब दोन्ही हातांनी धरून ठेवला, बोट लागून पुढे पळू नये म्हणून. ती खूप वेळ बघत होती. इतका वेळ की टॅबचा उजेड कमी झाला आणि मला कडेला बोट लावून तो परत आणावा लागला.

"हॅ," ती म्हणाली. "हा बाबांचा नाही."

"अगं, तीन फाटे आहेत की! मधला लांब आहे."

"आहेत ना. पण भिऊन काढलाय. हात अडखळलाय बघ इथे." तिने नखाने, काचेला न टेकवता, हवेतच ती भेग पुन्हा काढून दाखवली, तिचा थरथरणारा हात तेवढ्यापुरता थरथरला नाही. "कुणीतरी बाबांचं बघून काढलाय. नवीन असेल बिचारा." मग चष्मा खाली घेतला, मागे टेकली. "लाव पुढे. आणि ते पोरांचं गाणं आलं की मला हलव, डोळा लागला तर."

डोळा लागलाच. गाणं कधी आलं आणि कधी संपलं मला कळलं नाही. मी भिंती बघत होते.